टॅलेंट म्हणजे चांदी हो, अंगचा गुण नव्हे!

स्पष्टच लिहितो, कुणाला राग आला तर येऊ द्या. व्यक्तिमत्त्व विकास शिबिरं आणि ‘पैसा कामाला लावा’ छापाच्या मेळाव्यांत येशूची एक गोष्ट हल्ली सर्रास ऐकू येते. मालक परदेशी जाताना तीन दासांकडे पैसे सोपवतो. दोघं ते दुप्पट करतात, तिसरा जमिनीत पुरून ठेवतो. मालक परतल्यावर दोघांना शाबासकी, तिसऱ्याला हाकलून देतो. तात्पर्य काय, तर रिस्क घ्या! समोर बसलेली कर्जबाजारी शेतकऱ्यांची पोरं माना डोलावतात. आपला बाप भित्रा होता म्हणून गरीब राहिला, एवढं मात्र त्यांच्या डोक्यात पक्कं बसतं.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायात ही गोष्ट आहे. चर्चमध्ये ती शतकानुशतकं देवाच्या न्यायाची गोष्ट म्हणून वाचतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं भांडण तिचा शेअर बाजाराचा धडा करणाऱ्यांशी आहे.

पहिली गोष्ट, टॅलेंट हे चांदीचं वजन होतं. एक टॅलेंट म्हणजे साधारण ६,००० दिनार, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे एका टॅलेंटला मजुराची जवळपास २० वर्षं! पाच टॅलेंटला शंभर. ‘अंगचा गुण’ हा इंग्रजी अर्थ याच गोष्टीवरून फार नंतर आला, आणि आमचे वक्ते तो उलटा मूळ गोष्टीत घुसवतात.

दुसरं, पैसे पुरणं. आज हसू येतं, पण आपल्याकडेही हंडे पुरायचेच की. तल्मूदमध्ये तर रब्बींचं मतच नोंदलंय की दुसऱ्याची रोकड सांभाळायची तर जमिनीतच. तशी पुरलेली रक्कम चोरीला गेली तरी सांभाळणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी नाही. म्हणजे तिसरा दास आळशी नव्हता, त्याने ठेव चोख राखली आणि चोख परत केली.

आता मालकाकडे बघा. दास त्याला तोंडावर सांगतो की तू पेरलं नाहीस तिथं कापणी करतोस. मालक नाकारत नाही! उलट म्हणतो, मग सावकाराकडे ठेवायचे होतेस, व्याज तरी मिळालं असतं. आपल्या बांधवाकडून व्याज घ्यायला मोशेच्या नियमशास्त्रात बंदी होती. ऐकणारे गालीलचे शेतकरी, कूळ, रोजंदार. कर्जापायी जमीन जाणं त्यांच्या रोजच्या बघण्यातलं. त्याच देशात इ.स. ६६ साली बंडखोरांनी यरुशलेमेत कर्जखतांचं दप्तर जाळलं, हे इतिहासकार जोसेफसने लिहून ठेवलंय. असल्या श्रोत्यांना दामदुप्पट करणारा हुशार वाटला असेल की आपल्या बांधावर टपलेला? विल्यम हर्झोग या अभ्यासकाने १९९४च्या पुस्तकात तिसऱ्या दासालाच गोष्टीचा नायक ठरवलंय: लूट बोलून दाखवणारा आणि त्याची शिक्षा भोगणारा. सगळे अभ्यासक हे मानत नाहीत. पण शिबिरवाल्यांनी निदान हा वाद आहे एवढं तरी सांगावं, फी घेताय ना?

लूककृत शुभवर्तमानात हीच गोष्ट वेगळ्या रूपात आहे. तिथं मालक राजपद मिळवायला दूर देशी जातो आणि ‘हा आमच्यावर नको’ म्हणून लोक मागोमाग शिष्टमंडळ धाडतात. हे ऐकताना त्या श्रोत्यांना आर्खेलाव आठवला नसेल असं मला तरी वाटत नाही. हेरोदाचा हा मुलगा इ.स.पू. ४ मध्ये राजपद मागायला रोमला गेला होता, आणि त्याच्याविरुद्ध यहुद्यांचं शिष्टमंडळही सम्राट ऑगस्टसपुढे उभं राहिलं होतं. लूकच्या गोष्टीतला राजा परत येतो, पैसे वाढवणाऱ्यांना गावं बक्षीस देतो आणि विरोध करणाऱ्यांना आपल्यासमोर आणून ठार मारायला सांगतो. शिबिरात ही स्लाईड कधी दाखवतात का, तुमच्यापैकी कुणी पाहिली असेल तर कमेंटमध्ये सांगा.