शस्त्रक्रियेची बातमी आणि रियाजाची उपेक्षा

जुलै २०१७ मध्ये बंगळुरूत मेंदूवर शस्त्रक्रिया चालू असताना रुग्ण गिटार वाजवत होता, ही बातमी देशभर गाजली. त्याच्या डाव्या हाताच्या बोटांना ‘म्युझिशियन्स डिस्टोनिया’ हा विकार जडला होता. थॅलॅमसमधील नेमका बिंदू उष्णतेने जाळताच बोटे मोकळी झाली. मात्र पक्षाघातानंतरही वाद्य असेच क्षणार्धात परत मिळते, असा समज त्यावरून करून घेऊ नये. डिस्टोनियात चेतापेशी जिवंत असतात, पण संदेश चुकीचे जातात. पक्षाघातात रक्तपुरवठा तुटून पेशीच मरतात. तेथे उरलेल्या पेशींना नवे काम शिकवावे लागते, आणि ते पुनरावृत्तीनेच साधते.

विख्यात पियानोवादक ऑस्कर पीटरसन यांना १९९३ मध्ये पक्षाघात झाला. सुमारे दोन वर्षांनी ते पुन्हा वाजवू लागले. डावा हात मात्र पूर्ववत झाला नाही.

वाद्याचा गुण असा, की बोट चुकले तर कान तत्क्षणी सांगतो. याच तत्त्वावर २००७ मध्ये जर्मन संशोधकांनी कीबोर्ड व ड्रमपॅडचा उपचार तपासला आणि सुधारणा नोंदवली. बार्सिलोनातील २०१८ च्या चाचणीत तो नेहमीच्या व्यायामोपचाराहून सरस ठरला नाही. माझ्या मते, यातून वाद्य निरुपयोगी ठरत नाही. लाभ तितकाच असेल आणि रुग्णाला तो व्यायाम रोज करावासा वाटत असेल, तर तो मोलाचाच. आपल्या पुनर्वसन केंद्रांत पेटी-तबला हवा. आणि बातम्यांत सात तासांच्या शस्त्रक्रियेइतकीच अनेक महिन्यांच्या रियाजालाही जागा हवी.