आपल्याच बाकावरून उठून बोला

२१ सप्टेंबर २०२३. संसदेच्या नव्या इमारतीत लोकसभा चांद्रयान-३ च्या यशावर चर्चा करत होती. त्या चर्चेत दक्षिण दिल्लीचे भाजप खासदार रमेश बिधुरी यांनी अमरोह्याचे बसप खासदार दानिश अली यांना धर्मावरून शिव्या घातल्या, अतिरेकी म्हटलं. ते शब्द मी इथे लिहिणार नाही. राजनाथ सिंह यांनी खेद व्यक्त केला, तोही विरोधकांचं मन दुखावलं असेल तर, या अटीवर. अध्यक्ष ओम बिर्ला यांनी शब्द कामकाजातून वगळले आणि ताकीद दिली. पक्षाने नोटीस दिली आणि काही दिवसांतच बिधुरींकडे राजस्थानातल्या टोंक जिल्ह्याची निवडणुकीची जबाबदारीही सोपवली. पुढे हक्कभंग समितीपुढे त्यांनी खेद व्यक्त केला, आणि प्रकरण तिथेच थांबलं.

माझं माहेर शिरूर, सासर दौंड. दोन्हीकडच्या शाळांत मी नागरिकशास्त्र शिकवलं. माझ्या हजेरीत जगदाळे, तांबोळी, थोरात, मुलाणी, शितोळे, शेख अशी नावं एकाखाली एक यायची. खासदार सभागृहात जे बोलतो त्याबद्दल त्याच्यावर कोर्टात खटला चालत नाही, हे कलम १०५ मी या मुलांना अभिमानाने शिकवायचे. सत्तेला न घाबरता बोलता यावं, म्हणून घटनेने दिलेलं हे कवच आहे. त्याच कवचाआडून कुणी तांबोळीला, शेखला देशद्रोही ठरवलं तर त्याला रोखायचं कुणी? कोर्ट रोखू शकत नाही. मग सभागृहातच बसलेल्यांनी रोखायला हवं, आणि त्यातही आधी त्याच्याच पक्षाच्या माणसांनी. छापील वृत्तान्तातून शब्द गाळला तरी तोवर तो मोबाइलवरून गावोगाव पोचलेला असतो.

सभागृहाकडे अधिकार नाहीत असंही नाही. त्याच वर्षी डिसेंबरात संसदेच्या सुरक्षेत मोठी चूक झाली. गृहमंत्र्यांनी त्यावर निवेदन करावं, असा आग्रह धरणाऱ्या ४९ लोकसभा सदस्यांना १९ तारखेला एका दिवसात निलंबित केलं गेलं. त्यात माझ्या सासरच्या खासदार सुप्रिया सुळे होत्या, माहेरचे खासदार डॉ. अमोल कोल्हे होते आणि स्वतः दानिश अलीही होते. बिधुरी मात्र एक दिवसही सभागृहाबाहेर राहिले नाहीत. याचा मला आजही संताप येतो. फलक घेऊन घोषणा देणं हा बाहेर काढण्याइतका गुन्हा, आणि सहकाऱ्याच्या धर्माला शिवी देणं हा समज देऊन मिटवण्याजोगा!

दिल्लीतल्या या गोष्टींचं दौंडला काय, असं कुणी म्हणेल. १ ऑगस्ट २०२५ ला आमच्या तालुक्यात यवतला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. एका तरुणाच्या आक्षेपार्ह पोस्टवरून जमाव उसळला, दगडफेक झाली, जाळपोळ झाली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. पोस्ट टाकणाऱ्यावर कारवाई व्हायलाच हवी होती. पण त्याने लिहिलं त्याची शिक्षा शेजारच्या घराला आणि दुकानाला द्यायची, हे जमावाला कुठून सुचलं? एकाच्या करणीसाठी अख्खा समाज दोषी, हे आता व्यासपीठांवरून उघड सांगितलं जातं, म्हणून सुचलं. जे यवत तुकोबांच्या पालखीतल्या वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतं, त्या गावात जमावबंदी लागली.

आपल्या माणसाला अडवता येतं, याचा दाखला आपल्याकडेच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये आमदार संग्राम जगताप यांनी दिवाळीची खरेदी फक्त हिंदूंच्याच दुकानांतून करा, असं आवाहन केलं. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, आमदार स्वतःच्याच पक्षाचा असताना, ते चूक असल्याचं जाहीरपणे सांगितलं आणि नोटीस काढली. तेवढ्याने पुरत नाही, पण सुरुवात अशीच होते.

सुप्रियाताईंनी बिधुरींवर कारवाईची मागणी केली होती, ते योग्यच केलं. विरोधी बाकावरून तेवढंच करता येतं. माझी खरी अपेक्षा सत्ताधारी बाकांवर बसणाऱ्या आमच्या जिल्ह्यातल्या खासदारांकडून आहे: पुण्याचे मुरलीधर मोहोळ, मावळचे श्रीरंग बारणे. पुन्हा असं घडलं तर त्यांनी तिथल्या तिथे उभं राहावं, बोलणाऱ्याचं नाव घ्यावं आणि हे आम्हाला मान्य नाही असं सांगावं. ‘दुखावलं असेल तर’ ही अट नको. आणि अशा माणसाला पक्षाने पुढची जबाबदारी देऊ नये, हेही त्यांनीच पक्षाच्या बैठकीत मांडावं.