मिस्त्री आणि मास्तर

‘मास्तर’ हा शब्द आपण इंग्रजांकडून घेतला आणि ‘मिस्त्री’ पोर्तुगीजांकडून. दोहोंचे मूळ लॅटिनमधील एकच, ‘माजिस्तेर’, म्हणजे शिकविणारा. एका आईची ही दोन लेकरे मराठीच्या अंगणात उतरली. आम्ही एकाला ओसरीवर पाट मांडला आणि दुसऱ्याला मागल्या दाराने आत घेतले.

मी एका सेवाभावी संस्थेच्या कार्यशाळेत शाळा सुटलेल्या मुलांना फिटरकाम शिकवितो. संस्थेच्या अहवालात मी ‘स्वयंसेवी मार्गदर्शक’ आहे. हिशेबनीसास पगार मिळतो, मला मानधन. शेजारी सुतारकाम आणि वेल्डिंग शिकविणारे आहेत, त्यांचीही हीच कथा. आम्ही पैशाचा विषय काढला की समोरच्याचा चेहरा दुखावतो. “अहो, तुम्ही तर समाजकार्य करता!” जणू समाजकार्य करणाऱ्याकडे वाणी उधारी मागत नाही!

बरे, शिकविण्यासारखे त्यात असते तरी काय, असे एका सुशिक्षित गृहस्थांनी मला विचारले होते. त्यांच्यासाठी नुसती कानस घेतो. कानस पुढे जाताना कापते. मागे घेताना तिच्यावर दाब द्यावयाचा नसतो. हे वाक्य पाठ करावयास अर्धे मिनिट पुरते. पण नवख्या मुलाचे हात झोक्यासारखे वरखाली होतात, लोखंडाच्या कडा खाली बसतात आणि मध्ये फुगवटा उरतो. त्याला तो दिसत नाही. गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरला की फट दिसते. मग चूक दिसली तरी हात ऐकत नाही. तेव्हा त्याच्या कोपराला हात लावून, कोठे जोर द्यावा आणि कोठे सोडावा हे त्याच्या अंगाला समजवावे लागते. वेल्डिंगवाले तर कानाने शिकवितात. भजी तळल्यासारखा एकसारखा आवाज आला की ठिणगीचे अंतर बरोबर; आवाज तुटला की पोराकडे पाठ असली तरी ते ओरडतात, “रॉड जवळ घे!” व्याकरण शिकविणाऱ्यास याहून अधिक काय करावे लागते, ते मला कोणी सांगावे.

ही मागणी माझ्या डोक्यातून निघालेली नाही. 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी असे शिक्षक मागितले होते, की ज्यांना वेळप्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची लाज वाटणार नाही. आणि त्याच निवेदनात शिक्षकाला किमान 12 रुपये पगार असावा, असेही त्यांनी बजावले. वाकस आणि पगार यांची त्यांनी फारकत केली नाही. आम्ही केली. 1937 च्या वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी बसविले; 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पाबळला विज्ञान आश्रम काढून हाताने काम करीत शिकण्याची शाळा उभी केली. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे पाठवावे असे म्हटले. उत्तम! हाताच्या शिक्षणावर भाषण करावयाचे असेल, तर आपल्याकडे वक्त्यांची वाण कधीच पडली नाही.

यावर ठराविक उत्तर असे, की संस्थेजवळ पैसा नाही. मग यंत्रे कशी येतात? लेथला देणगीदार मिळतो, कारण लेथवर त्याच्या नावाची पाटी ठोकता येते. माझ्या पाठीवर ठोकता येत नाही, एवढाच माझा अपराध! देणगीदारांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. त्यांच्यापुढे मागणी करताना यंत्राचा आकडा लिहिणारे आणि शिकविणाऱ्याचा आकडा गाळणारे आमचेच चालक असतात. दोन लेथ मागण्याऐवजी एक मागा, आणि उरलेल्या रकमेत तीन वर्षांचा पगार मांडा. नाही मिळाली देणगी, तर निदान नकार कोणी दिला ते कळेल.

आमच्याकडे लवकरच नवी लेथ येते आहे. पाया ओतून झाला, वीजजोडणीचा अर्जही गेला. ती शिकविणाऱ्याची जागा मात्र अजून कोणत्याच कागदावर नाही.