गाळलेलं तेल अंगात टोचू नका
धाराशिव जिल्ह्यातली तरुण मुलं, त्यांचे आईवडील, वस्ताद आणि जिमचालक यांना कळकळीचं आवाहन

"काका, पॉइंट बावीसचा फिल्टर लावला तर चालतंय ना?"

दुकानात दुसरं कुणी नाही हे पाहून, आवाज उतरवून त्यानं विचारलं. वय वीस-एकवीस. मला आधी वाटलं, पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरचं विचारतोय. मग त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. सिरिंजच्या तोंडाला बसवायची, दोन रुपयांच्या नाण्याएवढी प्लास्टिकची चकती. कुणीतरी स्नायू फुगवायच्या स्टेरॉइडची पावडर मागवली होती, तेलात कालवली होती, त्या चकतीतून गाळली होती आणि रबरी बुचाच्या बाटल्यांत भरली होती. जिममधल्या मुलांचा ‘कोर्स’ त्यावर चालणार होता. तेल काचेसारखं स्वच्छ दिसत होतं, हे तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता.

त्याला दिलं तेच उत्तर आज सगळ्या जिल्ह्याला देतो आहे. चालत नाही. कुठल्याही फिल्टरनं चालत नाही. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा, वाशी, कुठल्याही तालुक्यात, कुणाच्याही घरात, तालमीत, हॉस्टेलवर अशी बाटली असेल, तर तिच्यातून पुढची सुई भरू नका. बाटलीवर छापील लेबल आहे म्हणूनही विश्वास ठेवू नका. लेबल छापायला प्रेस पुरते, इंजेक्शन बनवायला परवाना असलेला कारखाना लागतो. लेबलवर उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि कंपनीचा पूर्ण पत्ता नसेल, किंवा हे सगळं असूनही बिल मिळत नसेल, तर ती बाटली तुमच्या कामाची नाही.

हे मी कुठल्या अधिकारानं सांगतो? औषधाचं दुकान टाकण्याआधी मी 22 वर्षं एका कारखान्यात इंजेक्शनं भरण्याच्या विभागात होतो. त्यामुळे फिल्टर या वस्तूवर माझं प्रेमही आहे आणि तिच्या मर्यादाही मला माहीत आहेत.

भूम तालुक्यातल्या, कुंथलगिरीकडच्या खवेवाल्यांना ही गोष्ट एका वाक्यात कळेल. दूध फडक्यानं गाळलं की काडी-कचरा, केस निघतो, पण गाळलेलं दूध तापवलं नाही तर संध्याकाळपर्यंत नासतंच. आता तुम्ही म्हणाल, हे फडकं फार बारीक आहे. बरोबर आहे. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड, बहुतेक जिवाणू एक मायक्रॉनच्या आसपास आणि फिल्टरची भोकं 0.22 मायक्रॉनची. जिवाणू अडकायला हवेत, आणि चांगला फिल्टर नीट वापरला तर अडकतातही. पण दूध आधीच नासलेलं असेल तर? कितीही बारीक गाळा, नासकेपणा खालच्या भांड्यात उतरतोच. जिवाणूंचं तसंच आहे. ते मरतात, फुटतात, आणि त्यांच्या आवरणातलं विष, ज्याला एन्डोटॉक्सिन म्हणतात, ते या भोकांतून आरामात पार होतं. पुरेसं विष अंगात गेलं की तासा-दोन तासांत हुडहुडी भरून ताप चढतो. पावडर कुठे बनली, कुठल्या पिंपात पडून होती, तिच्यात शिसं आहे की दुसरंच काही रसायन, यांतलं फिल्टरला काहीच कळत नाही. विषाणू तर त्याच्या हिशेबातच नाहीत. एचआयव्हीचा विषाणू साधारण 0.1 मायक्रॉनचा, कावीळ ब चा 0.04 चा.

कारखान्यात फिल्टर ही शेवटून दुसरी-तिसरी पायरी असते. तिच्या आधी आणि नंतर काय काय चालतं ते सांगितलं तर मुलांना कंटाळा येतो, पण खरी गोम तिथेच आहे. जिथे बाटली उघडी असते त्या जागेच्या एक घनमीटर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे 3,520 पेक्षा जास्त कण चालत नाहीत. तुमच्या-माझ्या खोलीत ते लाखोंनी, कोटींनी असतात. तिथे माणूस नखशिखांत झाकून जातो, कारण सगळ्यांत जास्त जंतू माणूसच झाडत असतो, नुसता हात हलवला तरी. द्रावण गाळून झालं की फिल्टर फेकून देत नाहीत. ओला असतानाच त्याच्यावर हवेचा दाब देतात आणि बुडबुडे नेमक्या किती दाबाला फुटतात ते पाहतात. ठरलेल्या दाबाच्या आधी बुडबुडे आले तर फिल्टरचा पडदा कुठेतरी फाटला आहे, आणि तो घाणा भरायचा नाही. मग तयार बाटल्यांतल्या काही बाटल्यांचं औषध जंतूंना आवडणाऱ्या खाद्यात घालून 14 दिवस वाट पाहायची. काही उगवलं तर सगळी बॅच नष्ट. एन्डोटॉक्सिनची तपासणी वेगळीच. तिला लागणारा अर्क हॉर्सशू क्रॅब नावाच्या समुद्री जीवाच्या निळ्या रक्तातून काढतात. (हा जीव आपल्याकडे ओडिशाच्या किनाऱ्यावर दिसतो. मी तो पाहिला नाही, पण माझ्या आयुष्यातल्या हजारो बाटल्या त्याच्या भरवशावर बाहेर पडल्या.)

आता घरची रीत बघा. तेल दाट असतं. छोट्या सिरिंजमधून ते ढकलायला अंगठ्याचा जोर लागतो, आणि त्या जोरानं आतला पडदा फाटतो. आवाज येतोच असं नाही. तेलात मिसळलेली द्रावकं काही पडद्यांना फुगवतात, काहींना विरघळवतात. पडदा फाटला की तेल सरसर उतरायला लागतं आणि करणाऱ्याला वाटतं, जमलं! नेमक्या त्या क्षणी तो न गाळलेलं तेल भरत असतो, आणि दिसायला ते तितकंच स्वच्छ असतं. एका थेंबात हजारो जंतू असले तरी डोळ्याला गढूळपणा दिसत नाही. ‘त्यात बेन्झिल अल्कोहोल आहे, जंतू मरतात,’ असंही मला ऐकवलं गेलं. ते परिरक्षक जंतूंची वाढ रोखण्यासाठी असतं, घाण तेल शुद्ध करण्यासाठी नाही. तेलात तर त्याचा जोर आणखी कमी पडतो.

फिल्टरबाबत एकेकाळी शास्त्रज्ञसुद्धा फसले होते. 1960 च्या सुमाराला 0.45 मायक्रॉनचा फिल्टर सगळं निर्जंतुक करतो असं जगभर धरून चालले होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या फ्रान्सिस बोमन यांना अशा गाळलेल्या द्रावणातच एक बारीक जिवाणू सापडला. आज त्याला ब्रेव्हंडिमोनास डिमिन्यूटा म्हणतात. तेव्हापासून फिल्टरची परीक्षा त्याच जिवाणूनं घेतात. पडद्याच्या दर चौरस सेंटिमीटरवर एक कोटी जिवाणू सोडायचे आणि पलीकडे एकही निघता कामा नये. ‘पॉइंट बावीस’ या आकड्याचं वजन या परीक्षेत आहे. पाकिटावर आकडा छापला म्हणून ते वजन येत नाही.

आणि सगळी सोय असूनही चूक झाली तर काय होतं, ते 2012 मध्ये अमेरिकेत दिसलं. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावी औषधं तयार करून देणारी एक मोठी फार्मसी होती. तिनं पाठदुखीसाठी मणक्यात द्यायचं मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइडचं इंजेक्शन बनवलं. तिथे स्वच्छ कक्ष होता, यंत्रं होती, शिकलेली माणसं होती. पण निर्जंतुक करायचा वेळ कापला गेला, कक्षात बुरशी असल्याचे त्यांच्याच तपासणीतले निकाल दुर्लक्षिले गेले, आणि तपासणीचे निकाल येण्याआधी माल पाठवला गेला. गवतावर वाढणारी साधी बुरशी बाटल्यांत शिरली. 20 राज्यांत 753 माणसं आजारी पडली, 64 मेली. फार्मसीच्या मालकाला तुरुंगात जावं लागलं. ते रोगी डॉक्टरकडे उपचाराला गेलेले होते. आपली मुलं तर खोलीच्या कडीमागे हे करतात.

इथे एक खुलासा, नाहीतर घोटाळा होईल. दमा, संधिवात, त्वचारोग यांसाठी डॉक्टर देतात ती स्टेरॉइडं वेगळी. ती माझं वाचून कुणी बंद करू नका. मी बोलतोय ते स्नायू फुगवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या टेस्टोस्टेरॉनसारख्या संप्रेरकांबद्दल. त्यांनी अंगातलं स्वतःचं संप्रेरक आणि शुक्राणू तयार होणं थांबतं, छाती सुटते, हृदयावर ताण येतो. त्याबद्दल वेगळं लिहिता येईल. आज विषय सुईचा आहे.

सुईचाच आणखी एक प्रकार आपल्या भागाला जास्त जवळचा आहे. पोलीस भरतीची मैदानी परीक्षा 50 गुणांची. मुलांना 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. त्या 1600 मीटरच्या 20 गुणांसाठी पहाटे चारला डांबरी रस्त्यावर पळणारी मुलं मी रोज बघतो, आणि त्यांच्याबद्दल मला मायाच वाटते. शेतात काही पिकत नाही म्हटल्यावर दुसरं करणार काय? पण याच मुलांच्या हातात मेफेन्टरमिनची व्हायल येते. भूल देताना रोग्याचा रक्तदाब घसरला तर तो वर आणायचं हे औषध. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. राज्यात जिमच्या आणि भरतीच्या मुलांना ते चोरून विकणाऱ्यांवर पोलिसांनी ठिकठिकाणी गुन्हे नोंदवले आहेत. निरोगी माणसाच्या हृदयावर ते चाबूक मारल्यासारखं चालतं. शिवाय एक व्हायल दहा मिलीची. चौघे मिळून घेतात, चौघे तीच वापरतात. एकानं वापरलेली सुई पुन्हा बुचात खुपसली की त्याचं रक्त सगळ्यांच्या औषधात जातं. कारखान्यातून निर्जंतुक निघालेली बाटलीही मग घरच्या तेलाइतकीच घाण होते. 2018 मध्ये उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊला 40 हून अधिक लोकांना एचआयव्ही झाल्याचं उघड झालं. एका भोंदू डॉक्टरनं तीच ती सिरिंज वापरल्याचा आरोप होता.

वस्ताद, तुम्हाला विनंती आहे. येरमाळ्याच्या चैत्रीला, मैलारपूरच्या पौष पौर्णिमेला, गावोगावच्या जत्रांत फड रंगतात. नोव्हेंबर 2023 मध्ये तर महाराष्ट्र केसरीची माती धाराशिवात पडली होती. पोरं तुमच्या पायावर डोकं ठेवून आखाड्यात उतरतात. एखाद्याचा दंड दोन महिन्यांत फुगला, पाठीवर पुटकुळ्या आल्या, तो बसताना एका कुल्ल्यावर कलतोय, तर त्याला बाजूला घेऊन विचारा. चारचौघांत अपमान करू नका, तो दुसऱ्या जिमला जाईल आणि सुई तशीच चालू ठेवील. जिमचालकांनी कचऱ्याची बादली रोज स्वतः पाहावी. त्यात सिरिंज सापडली तर ती कुणाची हे शोधायला उशीर करू नये. अशी औषधं घरी बनवून विकणं हा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 खाली गुन्हा आहे, मित्रालाच विकली तरी. आणि माझ्या व्यवसायबंधूंनो, चिठ्ठीशिवाय व्हायल मागणाऱ्याला नाही म्हणताना गिऱ्हाईक तुटतं, हे मलाही माहीत आहे. तुटू द्या.

आता ज्यांनी आधीच टोचून घेतलं आहे त्यांच्यासाठी. तेलाच्या इंजेक्शननं एक-दोन दिवस दुखणं वेगळं. पण दोन दिवसांनंतर सूज वाढत गेली, जागा लाल आणि गरम झाली, ताप-थंडी आली, तर त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय किंवा धाराशिवचं शासकीय रुग्णालय गाठा. कातडी काळी-जांभळी पडली, फोड आले, दाबल्यावर करकर वाजलं किंवा दिसणाऱ्या सुजेच्या मानानं वेदना भयंकर असली, तर सकाळची वाट पाहू नका, 108 ला फोन करा. आतलं मांस सडत असेल तर एकेक तास मोलाचा असतो. इंजेक्शननंतर लगेच खोकल्याची उबळ आली, धाप लागली, छातीत दुखलं, धडधड थांबेना, तरी 108.

दुसरी एक चोरपावलांची गाठ असते. टोचल्यावर कित्येक आठवड्यांनी येते, फार दुखत नाही, फुटते, पू वाहतो आणि पुन्हा भरते. क्षयाच्या जंतूंच्या भाऊबंदांपैकी काही जंतू पाण्यात-मातीत असतात, त्यांचं हे काम. नेहमीच्या अँटिबायोटिकला ते दाद देत नाहीत, महिनोन्महिने वेगळी औषधं लागतात. म्हणून गळू समजून घरी पिळू नका, सुई घालून पू ओढू नका, हळद-चुना बांधून बसू नका. पू प्रयोगशाळेत तपासून घ्या, आणि इंजेक्शन घेतलं होतं हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. लाज वाटते म्हणून मुलं ‘पडलो होतो’ म्हणतात आणि डॉक्टर भलत्याच दिशेला शोधत बसतात. बाटली शिल्लक असेल तर सोबत न्या.

दुसऱ्याची सुई किंवा व्हायल वापरली असेल तर 72 तासांच्या आत सरकारी रुग्णालयात जा. एचआयव्ही रोखण्याच्या गोळ्या तेवढ्याच वेळात सुरू कराव्या लागतात. वेळ उलटली असली तरी एचआयव्हीची मोफत तपासणी करून घ्या, कावीळ ब आणि क साठी रक्त कधी द्यायचं तेही तिथेच विचारा. एचआयव्हीबद्दल विचारायला 1097. कोर्स बंद केल्यावर मन खचलं, नको ते विचार यायला लागले तर 14416. बनावट किंवा चोरून विकलं जाणारं इंजेक्शन कळवायला अन्न व औषध प्रशासनाचा 1800-222-365. हे तीनही फोन फुकट आहेत.

आईवडिलांनो, पोराच्या खोलीत बाटली सापडली तर हात उगारू नका. आधी दंड, मांड्या, कुल्ले बघा, ताप मोजा आणि मग डॉक्टरकडे न्या. बाटली मोरीत ओतू नका, सुया उकिरड्यावर टाकू नका. कचरावेचणाऱ्या बाईच्या बोटात त्या घुसतात. जाड प्लास्टिकच्या डब्यात घालून, झाकण घट्ट लावून रुग्णालयात द्या.

तो मुलगा त्या दिवशी काही न बोलता गेला. चार दिवसांनी पिशवीत गुंडाळलेल्या तीन बाटल्या घेऊन परत आला. एकीचं बूच टोचलेलं होतं. मी त्याला आमच्या गावच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. दुकान दोन तास बंद राहिलं.