शनिवार-रविवारची शाळा

जर्मनीत शिकणाऱ्या पुणेकर मुलांचे प्रागचे फोटो पाहून इकडे कपाळाला आठ्या पडतात: कर्ज काढले ते शिकायला की भटकायला? प्रश्न रास्त आहे. व्हिसासाठी वर्षभराचे ११,९०४ युरो आधीच खात्यात अडकवावे लागतात. पण शिक्षण वर्गातच संपते, हे कुणी ठरवले? १९२८ साली बर्लिनला गेलेल्या मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी स्वतः कवट्या मोजल्या आणि मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचाच वंशश्रेष्ठत्वाचा आडाखा नाकारला. पुढे डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या याच बाई पंढरीच्या वारीत चालल्या. स्वतः पाहायचे, मग मानायचे, ही सवय भटकंतीनेही लागते. सोमवारचे तास बुडवून केलेल्या सहलींची वकिली मात्र आम्ही करणार नाही. पालकहो, फोटोवरून रागावण्याआधी एवढेच विचारा: तिथे पाहिलेस काय?