‘मस्त होता’ म्हणजे कसा होता?

काय दोस्तांनो, संपली ना घटक चाचणी? मग आता अभ्यासाचं नाव नको. पिक्चरच्या गप्पा मारू या.

या आठवड्यात सांगलीहून एक पत्र आलंय, आठवीतल्या एका मित्राचं. (‘माझं नाव छापू नका’ हे त्यानं दोनदा अधोरेखित केलंय, तेव्हा नाव कुणी विचारायचं नाही!) तो लिहितो, की वर्गातली सगळी मुलं एक पिक्चर बघून आली आणि सगळ्यांना तो भयंकर आवडला. याला मात्र अजिबात आवडला नाही. पण मधल्या सुट्टीत जो तो ‘कसला भारी, कसला भारी’ म्हणत होता, तेव्हा हाही ‘भारी’ म्हणून मोकळा झाला. आता त्याला चैन पडत नाहीये. विचारतोय, ‘मावशी, मी खोटं बोललो का?’

पत्र वाचलं आणि मला आमच्याच घरातली एका रविवारची भांडाभांडी आठवली. ती आधी सांगते. मग तुझ्याकडे येते हं, सांगलीकर!

झालं असं, की माझी ताई तिच्या दोन्ही कार्ट्यांना घेऊन राहायला आली होती. भाची आठवीत, भाचा सहावीत. शिवाय शेजारची दोन मुलं. बाहेर धो धो पाऊस. मग मी भेळ केली आणि ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ लावला. इराणमधला सिनेमा, १९९७ सालचा, दिग्दर्शक माजिद माजिदी. ऑस्करच्या परदेशी चित्रपटांच्या विभागात नामांकन मिळवणारा हा पहिला इराणी सिनेमा. (हिंदीत यावरून २०१० साली ‘बम बम बोले’ आला. पण आधी मूळचाच बघा बाई!) मूळ फारसी नाव ‘बच्चेहा-ये-आसमान’. बघा, बच्चे आणि आसमान, दोन्ही शब्द आपल्या ओळखीचे! भाषा मात्र कुणालाच कळत नव्हती. खालच्या इंग्रजी ओळी भाची भराभर वाचायची आणि धाकट्यांसाठी मी मराठीत सांगायचे. थोड्या वेळानं शेजारची छोटी म्हणाली, ‘मावशी, तू नको सांगूस. त्यांच्या तोंडावरून कळतंय.’ झाली माझी सुट्टी!

आता पुढे शेवटही सांगणार आहे. ज्यांना आधी सिनेमा बघायचाय त्यांनी हा अंक मिटून ठेवावा आणि नंतर उघडावा. मला राग येणार नाही.

गोष्ट एवढीशीच. तेहरान शहरात अली नावाचा मुलगा धाकट्या बहिणीचे, झहराचे, बूट शिवून आणायला जातो. परत येताना बटाटे घ्यायला थांबतो आणि तेवढ्यात कचरा गोळा करणारा माणूस ते बूट चुकून उचलून नेतो. घरात पैशाची चणचण, भाडं थकलेलं, आई आजारी. बाबांना सांगायचं कसं? मग दोघं भावंडं अभ्यासाच्या वहीत लिहून लिहून बोलतात, आईबाबा त्याच खोलीत बसलेले असताना! आणि युक्ती ठरते. झहराची शाळा सकाळची, अलीची दुपारची. तिनं अलीचे कॅनव्हासचे बूट घालून जायचं, सुटल्यावर धावत यायचं, गल्लीत बूट बदलायचे, की अलीनं धावत सुटायचं. त्याला रोज उशीर, रोज बोलणी. एकदा झहराच्या पायातला तो सैल बूट वाहत्या गटारात पडतो आणि ती त्याच्यामागे पळत सुटते. आमच्याकडे तेव्हा भेळेला कुणी हातसुद्धा लावला नाही.

शेवटी शाळांची धावण्याची शर्यत असते. तिसऱ्या नंबरला बक्षीस काय, तर बूट! अलीला पहिला नको, दुसराही नको, तिसराच नंबर हवा असतो. आणि बिचारा येतो पहिला.

सिनेमा संपला, दिवा लावला आणि मी विचारलं, ‘काय, कसा होता?’

‘मस्त!’ भाची म्हणाली.

‘बोअर,’ भाचा म्हणाला. तेही माझ्याकडे न बघता, उशी मांडीवर घेऊन.

‘बोअर? सगळा वेळ तर डोळे फाडून बघत होतास!’

‘शेवट घाण आहे. एवढा पळाला आणि बूट मिळालेच नाहीत. असा कुठं शेवट असतो?’

‘ए, मिळाले की! त्याच्या बाबांच्या सायकलवर होते!’

‘थापा मारू नकोस. नव्हतेच.’

‘होते!’

‘नव्हते!’

अहो, हे दहा मिनिटं चाललं. शेजारची दोघं भाच्याच्या बाजूनं झाली, म्हणजे तीन विरुद्ध एक. मला वाटलं, आता भाची ‘असेल बाबा’ म्हणून सोडून देईल. आपण मोठी माणसंसुद्धा चारचौघांत असंच करतो की! पण तिनं काय करावं? उठली आणि पिक्चर मागे नेला.

आणि ते होतं! शेवटाजवळ बाबांची सायकल दिसते आणि तिच्यावर नव्या बुटांचे दोन जोड. एक त्याचा, एक तिचा. जेमतेम काही सेकंद. कुणी काही बोलत नाही, कॅमेरा तिथं थांबून ‘बघा बघा’ करत नाही. पापणी लवली, की गेलं. पाच जणांत एकटीनं पाहिलं होतं. (पाचवी मी. हो, मलाही पहिल्या खेपेला दिसलं नव्हतं, आता लपवून काय करू? ताई तेव्हा चहा टाकायला गेली होती.)

भाच्याला का दिसलं नाही, ते मला ठाऊक होतं. त्या वेळी त्याचं तोंड उशीत होतं. जिंकलेला अली फोटो काढताना रडत असतो ना, तेव्हापासून. पण हे मी काही बोलले नाही, तुम्हीही बोलू नका.

मला वाटलं, भांडण मिटलं. कसलं काय! भाच्यानं तो तुकडा पुन्हा एकदा बघितला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, ‘बरं, बूट आहेत. पण अलीला कुठं माहीत आहे?’

सगळे गप्प. खरंच की! सिनेमा संपतो तेव्हा अली अंगणातल्या हौदाच्या काठावर बसलेला असतो. फाटलेले बूट काढलेले, पायांना फोड. पाय पाण्यात सोडतो आणि लाल मासे त्याच्या पायांभोवती जमतात. झहरानं त्याचा चेहरा बघितलेला असतो, तिला काय समजायचं ते समजलेलं असतं. दोघांच्याही मनात एकच, की आपण हरलो. बूट येताहेत हे फक्त आपल्याला माहीत! भाची म्हणाली, म्हणून तो शेवट आनंदाचा, कारण अजून थोड्याच वेळात बाबा येणार. भाचा म्हणाला, पण पिक्चर तर तिथंच संपला ना, मग बाबा आलेच नाहीत. आता मला सांगा, यांतलं चूक कोण? मला तर दोघांचंही पटलं, आणि दोघंही माझ्यावर चिडली.

तेवढ्यात ताई चहाचे कप घेऊन आली आणि म्हणाली, ‘मुळात त्या मुलांनी आईबाबांना सांगायलाच हवं होतं.’ झालं! चौघंही एका बाजूला. ‘सांगून काय झालं असतं? बाबांनी उधार आणले असते!’ ‘एलिझाबेथ एकादशी’मधल्या मुलांनी तरी कुठं आईला सांगितलं होतं? (तो २०१४ सालचा, आपल्या पंढरपुरातला. सायकल विकायला लागू नये म्हणून मुलं कार्तिकीच्या यात्रेत बांगड्यांचं दुकान मांडतात.) ताई म्हणाली, ‘मुलं लपवतात आणि त्यांना वाटतं आईला कळत नाही.’ आणि कप ठेवून आत गेली. पालकमंडळी हे वाचत असतील, तर त्यांनी आपापल्या घरी हा विषय काढून बघावा. चहा मात्र जास्त टाकावा लागेल.

सगळ्यांत शेवटी बोलली शेजारची छोटी. तिला शर्यतही नाही आणि बूटही नाहीत, तिला लक्षात राहिली साखर. बाबा मशिदीच्या चहासाठी साखरेचे खडे फोडत बसलेले असतात, समोर ढीग पडलेला. झहरा चहा आणून देते, त्यात साखर नसते. ती म्हणते, ही एवढी आहे की समोर! तर बाबा म्हणतात, ही आपली नाही, मशिदीची आहे. ‘मला ते आवडलं,’ छोटी म्हणाली. ‘का गं?’ ‘एक खडा घेतला असता तर कुणाला कळलं पण नसतं.’ इतका वेळ आम्ही बुटांवरून भांडत होतो आणि ही पोरगी साखर घेऊन बसली होती!

तर सांगलीकर मित्रा, आता तुझं पत्र. तुझ्या वर्गातल्या किती जणांनी नुसतं पहिल्याचं ऐकून ‘भारी’ म्हटलं असेल, कुणास ठाऊक! तू एकटाच असशील असं मला काही वाटत नाही. पण तुझं पत्र मी पुन्हा वाचलं, तेव्हा एक गंमत लक्षात आली. दीड पान लिहिलंस, पण तो पिक्चर तुला का आवडला नाही हे एका ओळीतही नाही! कुठं कंटाळा आला? हिरो पटला नाही, की मारामारी लांबली, की गाणी नको तिथं आली? का थिएटरमध्ये पुढच्या खुर्चीत उंच माणूस बसला होता? आठव आणि लिही. ते एखाद्या मित्रालाही सांगून बघ. सगळ्या वर्गाला नको, एकालाच. तो काय म्हणाला, तेही कळव.

आणि बाकीच्यांनी हे कळवायचं, की अलीचा शेवट आनंदाचा की दुःखाचा? पोस्टकार्डावर मावेल एवढंच लिहा, पण ‘मस्त’ आणि ‘बोअर’ हे दोन शब्द न वापरता. भाचा आणि भाची दोघंही तुमची पत्रं मोजायला बसणार आहेत.

तुमची,
मावशी