नशीब काढलं म्हणे!

दिवाळीत भंडाऱ्याला घरी गेले, तर गल्लीत एकच विषय. शेजारच्या ताईचं मोठ्या घरी साक्षगंध झालं. "पोरीनं नशीब काढलं ना बाप्पा!" जो तो हेच म्हणतोय. फार्मसीचं शेवटचं वर्ष राहिलंय, त्याचं काय, हे कुणी विचारलं नाही. मी विचारलं, तर आईने डोळे वटारले.

मला आठवली अहिल्याबाई. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला नेपोलियन भरपूर शिकवला, अहिल्याबाई एका परिच्छेदात आटोपली. चौंडीच्या पाटलाची, माणकोजी शिंद्यांची ही मुलगी १७३३ मध्ये होळकरांची सून झाली. मल्हाररावांना ती देवळात दिसली ही गोष्ट आपण सगळेच ऐकतो आणि तिथेच थांबतो. दिसली, लग्न झालं, राणी झाली. संपलं!

खरी गोष्ट तर पुढे आहे. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात नवरा, खंडेराव, गेला. सती जायला निघालेल्या सुनेला सासऱ्याने अडवलं. आणि मला जास्त मोठं वाटतं ते हे, की तिला कोपऱ्यात न बसवता कामाला लावलं. १७६५ च्या एका पत्रात मल्हारराव तिला तोफखाना घेऊन ग्वाल्हेरला जायला सांगतात, दारूगोळ्याची तजवीज करायला सांगतात. सासऱ्याचं सुनेला पत्र, आणि विषय काय तर तोफा! (आम्ही आयुध निर्माणीच्या जिल्ह्यातले, आम्हाला याचं जरा जास्तच कौतुक.)

१७६६ मध्ये मल्हारराव गेले, १७६७ मध्ये मुलगा मालेराव. दिवाण गंगाधर यशवंत आणि राघोबादादा दौलतीवर टपले, तेव्हा ही डगमगली नाही. फौज आणि हिशेब दोन्ही तिच्या हाताखालून गेलेलं होतं. माधवराव पेशव्यांनीही तिचाच अधिकार मान्य केला. मग १७९५ पर्यंत महेश्वरहून तिचा कारभार चालला.

उलट नेपोलियनची भावजय, ज्युली क्लारी. मार्सेच्या रेशीम व्यापाऱ्याची मुलगी. जोसेफ बोनापार्टशी लग्न केलं, पुढे स्पेनची राणी म्हणवली, पण स्पेनमध्ये तिने कधी पाऊलही ठेवलं नाही. आमच्या गल्लीच्या हिशेबाने नशीब तिनंही काढलंच होतं.

ताईच्या सासऱ्यांनी तिला तोफखाना द्यावा असं माझं म्हणणं नाही. उन्हाळी परीक्षेचा फॉर्म भरू द्यावा, एवढंच. शेवटची तारीख मी चिठ्ठीवर लिहून ठेवलीय. लग्नात आहेराच्या पाकिटात तीच घालणार आहे, आणि पाकीट सासऱ्यांच्याच हातात देणार आहे.